सुटा कीबोर्ड

खुनी शेवटी पोलिसाला काय म्हणतो, याचं मराठी मी जेवण झाल्यापासून शोधत होते. परदेशी मालिकांचे संवाद मराठीत आणून पडद्याच्या तळाशी बसवायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. मूळ वाक्य साधं होतं, तुम्ही फार उशीर केलात, एवढंच. पण तो ते इतक्या गोड चेहऱ्यानं म्हणतो की मराठीत आणलं की खुनी न वाटता आमच्या इमारतीचा सेक्रेटरी वाटायला लागतो. मी दोन्ही हात मांडीवर टाकून स्क्रीनकडे बघत बसले होते. हात मांडीवर होते, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर कितीतरी वेळा मी स्वतःलाच ते पटवून दिलं. आणि खुन्याच्या तोंडी आपोआप अक्षरं उमटायला लागली. हो गं बाई, येते मी सहापर्यंत, तोवर कपडे तेवढे आत घे. ना घाई, ना अडखळणं, शेवटी ठसठशीत पूर्णविराम. ते वाक्य मी नुकतंच ऐकलं होतं, भिंतीपलीकडून, मावशींच्या आवाजात. मावशी म्हणजे बाबांना दिवसभर सांभाळायला येणाऱ्या बाई. त्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. मला वाटलं, हे यंत्र आता घरातलं बोलणंही टिपायला लागलं. मी माईक बंद केला, बंद झाल्याची दोनदा खात्री केली. पलीकडून मावशी म्हणाल्या, “ठेवते आता, आजोबा बघतायत.” आणि माझ्यासमोर लिहिलं गेलं, ठेवते आता, आजोबा बघतायत. भिंतीला कान असतात हे ऐकून होते. तिला बोटंही असतात हे ठाऊक नव्हतं.

मी उठून पलीकडे गेले. बाबा टेबलाशी ताठ बसले होते, मनगटं उचललेली, नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर. पुढ्यात माझा जुना बिनवायरचा कीबोर्ड. त्याच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा, जो इतके दिवस विझलेला होता, तो लागला होता. “हे काय केलंत मावशी?” मी विचारलं. मावशी पलंगावरची चादर बदलत होत्या. “काही नाही हो ताई. ते मागचं बटण सारखं इकडून तिकडे, इकडून तिकडे. दिवा लागत नाही म्हणून नुसते कासावीस. म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे या खोलीत कोण बघतंय? त्यातले सेल काढून घातले. बघा, कसे शांत बसलेत.” मी म्हटलं, बरं केलंत. बाबांची बोटं हलली. माझ्या खोलीत, रिकाम्या खुर्चीसमोर, ‘बरं केलंत’ उमटलं असणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

हा कीबोर्ड त्यांच्याकडे गेला त्याचीही एक कथा आहे. लॅपटॉपवर वाकून वाकून माझी मान धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, स्क्रीन डोळ्यांसमोर आणा, कीबोर्ड वेगळा घ्या. मी लॅपटॉप पुस्तकांच्या ढिगावर चढवला आणि सुटा कीबोर्ड घेतला. पुढे त्याच्या कळा सैल झाल्या तेव्हा दुसरा घेतला. त्याच सुमारास बाबांचं बोलणं संपलं होतं. एकदम नाही, आधी नावं गेली, मग वस्तू, मग क्रियापदं, आणि एक दिवस ‘हं’ सुद्धा गेलं. राहिली ती बोटं. जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर दिवसभर टकटक. नखं झिजून रक्त यायला लागलं तेव्हा मी हा कीबोर्ड सेल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. कळा मऊ तर आहेत, म्हटलं. तो लॅपटॉपशी जोडलेला होता, ती जोडणी तोडायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मेलेल्या माणसाचा नंबर फोनमध्ये राहतो, तसं ते राहून गेलं. तेव्हापासून दोन वर्षं बाबा त्या बिनसेलच्या कीबोर्डवर रोज सकाळी कामाला बसत आणि मी पाहुण्यांना सांगत असे, “बाबा ऑफिसला गेलेत.” लोक हसायचे. मीही हसायचे.

बाबा कोर्टात टायपिस्ट होते. सगळा जन्म साक्षी टाइप करण्यात गेला. तिथं त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. न्यायाधीश, वकील, शिपाई, सगळे ‘मशीन’ म्हणायचे. मशीन आलं का? मशीनला बोलवा. बाबांना त्यात कमीपणा वाटत नव्हता, उलट घरी येऊन आईला सांगायचे. मला टायपिंग त्यांनीच शिकवलं, जुन्या टाइपरायटरवर, हातांवर टॉवेल टाकून, म्हणजे कळा दिसू नयेत. म्हणून आजही मी लॅपटॉपवर तीच जुनी टाइपरायटरची मांडणी वापरते, आणि म्हणूनच बाबांच्या बोटांतून गेलेली अक्षरं माझ्याकडे गिचमिड होऊन न येता स्वच्छ मराठीत आली. ऐकायचं आणि उतरवायचं, ते सांगत, मध्ये थांबून विचार करायला लागलात की संपलात. एकदा एका खटल्यात एका आईनं मुलाबद्दल काय काय सांगितलं ते ऐकून सबंध कोर्ट सुन्न झालं होतं. मी विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटलं? ते म्हणाले, मला संध्याकाळी तपासताना कळलं. ही त्यांची फुशारकी होती की त्यांचं दुःख, हे मी त्या वयात विचारलं नाही.

त्या दिवशी मी खुन्याला तसंच सोडलं, कोरी फाइल उघडली आणि कामाचं सोंग घेऊन बसले. दादाचा फोन आला. दादा माझा थोरला भाऊ. तो विमानानं यायला लागेल इतक्या लांब राहतो आणि तिथून आमचं घर चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण खरं सांगायचं तर पैसेही तोच पाठवतो, त्यामुळे उंटाला काही म्हणता येत नाही. मी फोन नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला. “सोमवारी सकाळी वृद्धाश्रमाची गाडी येईल,” दादा म्हणाला, “त्यांचे कपडे, औषधं, चष्मा, एवढंच द्यायचं. खोली चांगली आहे. मी व्हिडिओवर बघितली.” त्याचं बोलणं स्क्रीनवर उतरत होतं. गाडी. कपडे. चष्मा. “त्यांना कुठं कळणार आहे जागा बदललेली? डॉक्टरच म्हणाले ना, ऐकू येतं पण आत काही पोचत नाही.” तेही उतरलं. आत काही पोचत नाही, पूर्णविराम. मी स्क्रीनकडेच बघत राहिले. दादा म्हणाला, “ऐकतेयस ना?” आणि स्क्रीनवर आलं, ऐकतेयस ना? त्याच्याखाली एक ओळ सोडून, कंसात: (उत्तर नाही.)

ही कंसातली ओळ कोणी उच्चारली नव्हती. कोर्टाची पद्धत मला माहीत होती. साक्षीदार बोलेनासा झाला की न्यायाधीश टायपिस्टला सांगतात, लिहा, साक्षीदार गप्प. बाबा इतके मुरलेले होते की त्यांना सांगावं लागत नसे. ते गप्पपणा स्वतःच ओळखत आणि कंसात टाकत. पण गप्पपणा ओळखायला कोणीतरी आत असावं लागतं ना? की तीही बोटांचीच सवय, जिन्यात अंधार असला तरी पायाला शेवटची पायरी कळते तशी? मी बाबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या कानाशी वाकले. “बाबा, मी कोण आहे?” बोटं चालली, थांबली, परत थोडी चालली. डोळे भिंतीवरच. मी धावत परत आले. बाबा, मी कोण आहे? (साक्षीदार गप्प.) मी ते वाचलं आणि मला हसू आलं आणि ते हसू इतकं विचित्र निघालं की मावशींनी विचारलं, “ताई, बरं आहे ना?” ताई, बरं आहे ना? हेही खाली आलंच.

पुढचे दिवस मी माझ्याच घरात चोरासारखी वावरले. सेल काढून टाकायचे, एवढंच करायचं होतं. लॅपटॉपवर जोडणी तोडायला एक बोटही पुरलं असतं. पण आता ते दिवा बंद करण्याइतकं सोपं राहिलं नव्हतं. तोंडावर हात दाबण्यासारखं झालं होतं. मी मावशींशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कुजबुजायला लागले. स्क्रीनवर येऊन बघावं तर: (अस्पष्ट.) मग पुन्हा (अस्पष्ट.) मला वाटायचं, बाबा मला रागावतायत, मोठ्यानं बोला, साक्ष आहे. आणि रात्री पडल्यावर नाही नाही ते मनात यायचं. दोन वर्षं! या टेबलाशी बसून त्यांनी दोन वर्षं हे घर उतरवून घेतलं होतं, आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून असे बोलत होतो जसं कपाटावरून बोलावं. डॉक्टरांनी त्यांच्या समोरच सांगितलं होतं की आता फार काही अपेक्षा ठेवू नका. मावशींनी त्यांच्या अंघोळीचे हाल शेजारणीला रंगवून सांगितले होते. मी फोनवर मैत्रिणीला म्हटलं होतं की माझं आयुष्य वेटिंग रूम झालंय. ते सगळं त्या बोटांतून गेलं होतं, एकही शब्द न गाळता, आणि कुठंच पोचलं नव्हतं. संध्याकाळी तपासायला कागदच नव्हता. मग त्यांना कळलं तरी कधी असेल?

शुक्रवारी दुपारी मावशी औषधं आणायला गेल्या होत्या. घर इतकं शांत होतं की फ्रिज थांबला तेही ऐकू आलं. फोन बंद, खिडक्या लावलेल्या, खाली रस्त्यावरही कोणी बोलत नव्हतं. मी त्या खुन्याकडे परत वळले होते, पण वहीत, हातानं, कारण स्क्रीनवर हल्ली मी कोरी फाइलच उघडी ठेवत असे, जाता येता तिच्यात डोकावण्यासाठी. डोकावले तेव्हा तिच्यात अक्षरं येत होती. अहो, पुरे आता. ती खटखट ऐकून माझं डोकं उठलंय. पुन्हा: अंधारात बसू नका, डोळे जातील. किती वेळा सांगायचं? आई जाऊन चार वर्षं झाली. ‘डोकं उठलंय’ असं या घरात ती सोडून कोणी म्हणत नसे. मी म्हणते ‘डोकं दुखतंय’, दादा काही म्हणत नाही, गोळी घेतो. हे शब्द मी विसरले होते. मी तिचा चेहरा विसरले नव्हते, तिच्या पायांचे तळवे विसरले नव्हते, पण ‘डोकं उठलंय’ विसरले होते. आठवण आहे, मी स्वतःला समजावलं, म्हातारा माणूस जुनं काहीतरी आठवतोय, त्यात एवढं घाबरायचं काय? आणि तेवढ्यात पुढची ओळ आली. (अस्पष्ट.) आठवण असती तर ती पुरी आली असती किंवा आलीच नसती. हे म्हणजे तिथं कोणीतरी काहीतरी बोललं होतं, आणि ते बाबांनाही नीट ऐकू आलं नव्हतं.

मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत जायचा धीर होईना. खोलीत बाबा, टेबल, पलंग, बंद पडलेलं घड्याळ. बाकी काही नाही. मी खुळ्यासारखं विचारलं, “आई काय म्हणाली?” बोटं हलली, माझा प्रश्न उतरवला गेला, एवढंच. त्या संध्याकाळी मला स्वतःची लाज वाटली, कारण त्यांना पाठवू नये असं मला पहिल्यांदा मनापासून वाटलं ते त्यांच्यासाठी नव्हतं. आई त्यांच्या बोटांत राहायला होती. सोमवारी गाडी आली की तीही जाणार होती, त्या चांगल्या खोलीत, जिथं तिचं बोलणं कोणी वाचणार नव्हतं. मला बाबा हवे होते की त्यांच्यातून येणारी आई, हे मला सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

शनिवारी मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, “पोपटही बोलतो गं.” मी म्हटलं, “पोपट कंसात लिहीत नाही.” “हे बघ, मी बाबांना घालवत नाहीये, मी तुला सोडवतोय. दोन वर्षांत तू रात्री सलग झोपली आहेस का एकदा तरी? आणि उद्या तू पडलीस तर त्यांना कोण आणि तुला कोण?” ते खरं होतं. मग तोच म्हणाला, “असं कर. त्यांना सरळ विचार. जायचंय का? आत ते असतील तर लिहितील की नाही म्हणून. एक शब्द. नुसतं ‘नाही’ लिहिलं, तर फोटो काढून मला पाठव. मी गाडी रद्द करतो आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. आईशप्पथ.” फोन ठेवताना त्याचा आवाज फाटला होता. त्यालाही ते ‘नाही’ हवं होतं, माझ्याइतकंच.

रविवारी दुपारी मावशींची सुट्टी असते. मी लॅपटॉप पुस्तकांवरून उतरवला आणि बाबांच्या टेबलावर, त्यांच्या कीबोर्डच्या पुढे, भिंत होती तिथं उघडून ठेवला. स्वतः शेजारी बसले, माझा कीबोर्ड मांडीवर घेऊन. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची नजर भिंतीवरून हलून स्क्रीनवर आली. कोरं पान, त्यावर लुकलुकणारी उभी रेघ. “बाबा,” मी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “उद्या तुम्हाला दुसरीकडे राहायला नेणार आहेत. तुम्हाला जायचं आहे का?” बोटं चालली. वाक्य उमटताना ते बघत होते, चष्म्याच्या खालच्या बाजूनं, पूर्वी बघायचे तसे. तुम्हाला जायचं आहे का? मग ओळ सुटली. मी वाट पाहिली. जिन्यावरून कोणीतरी गेलं, कुठंतरी नळ सुरू झाला, बंद झाला. आणि आलं: (साक्षीदार गप्प.)

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. मांडीवर माझा कीबोर्ड होता. दोन्ही कीबोर्ड एकाच लॅपटॉपला जोडलेले, दोन्हींची अक्षरं एकाच ओळीत पडणार. कोणती कोणाची, हे फोटोत दिसत नाही. मी खाली न बघता टाइप केलं. नाही. पूर्णविरामही दिला, बाबा देतात तसा ठसठशीत. तो एक शब्द पानावर इतका खरा दिसत होता की क्षणभर मलाही वाटलं, त्यांनीच लिहिला. मी फोन उचलला, कॅमेरा उघडला. आणि स्क्रीनवरचा पूर्णविराम गेला. मग वेलांटी गेली. मग ह, मग काना. बाबांची करंगळी वरच्या कोपऱ्यातल्या खोडायच्या कळेवर होती आणि ती सावकाश, एकेका ठोक्यानं, माझं उत्तर पुसत होती. शेवटचा न गेला तेव्हा त्यांनी हात उचलला आणि मनगटं परत जागेवर आणली. माझ्याकडे पाहिलं नाही. रागही नव्हता त्यात. साक्षीदार जे बोलला नाही ते मशीन कागदावर राहू देत नव्हतं, एवढंच.

मी फोन उलटा ठेवला. आता डॉक्टर काहीही म्हणोत, दादा काहीही म्हणो, आत कोणीतरी होतं. आणि जे होतं ते माझ्यासाठी खोटं बोलणार नव्हतं. म्हणजे जे काय बोलायचं ते मलाच बोलावं लागणार होतं, माझ्या तोंडानं. मी सुरुवात केली तेव्हा आवाज कोर्टात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसासारखा कापत होता. “मला तुम्हाला पाठवायचं नाही.” ते उतरलं. “मी फार थकले आहे.” तेही उतरलं. “मी तुमच्या मरणाची वाट बघते कधीकधी, आणि तुम्ही मराल म्हणून रात्री उठून श्वास बघायला येते.” बोटं एकदाही अडखळली नाहीत. “आई बोलली तर मला सांगा. तिला बोलू द्या. उद्याची गाडी परत पाठवते. दादाला मी सांगते. हे माझं म्हणणं आहे, तुमचं नाही.” तुमचं नाही, पूर्णविराम. मग मला पुढे बोलता येईना. आवाज काही झाला नसेल. मी ओठ दाबून धरले होते. त्यांना ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्यांचं डोकं स्क्रीनवरून वळलं. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, नीट, बराच वेळ, आणि कळांकडे न बघता त्यांनी लिहिलं: (साक्षीदार रडत आहे.)

खाली आणखी एक ओळ आली. (साक्षीदारास पाणी देण्यात आले.) कोर्टात हे काम शिपायाचं. बाबांनी हात उचलले, दाराकडे पाहिलं, वाट पाहिली. दारात कोणी आलं नाही. मग त्यांनी टेबलावरचा स्वतःचा पेला दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे सरकवायला लागले. हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी कीबोर्डवर सांडलं आणि हिरवा दिवा विझला. राहिलेलं पाणी मी प्यायले.